गोळ्या फेकायला सांगणारा तो मेसेज

परवा आत्याचा फोन. "अगं, दादाच्या गोळ्या बंद केल्या मी. चार दिवस झाले, काही झालं नाही बघ." पोटात धस्स झालं. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिन ही त्यावरची गोळी सुरू झाल्यापासून सहा वर्षं तो दुकानाचा गल्ला सांभाळतोय.

आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा: मनोविकाराच्या सगळ्या गोळ्या झोपेच्या असतात, सवय लावतात, बरं वाटलं की फेकून द्या, नाहीतर इस्पितळात जन्मभर डांबून शुद्धीत शॉक देतात.

"बरं वाटलं की फेका" हे सगळ्यात घातक. अहो, बरं वाटतंय ते गोळीमुळेच! 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा, स्किझोफ्रेनियाच्या जवळपास साडेसहा हजार रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, औषधाऐवजी नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा. आणि तो चौथ्या दिवशीच उलटतो असं नाही. कधी आठवडे जातात, कधी महिने. तेवढ्यात घरच्यांना मेसेज खरा वाटायला लागतो. आत्याचंही तेच झालं.

सवयीचं म्हणाल, तर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घबराट-झोपेसाठीच्या गोळ्यांची लागते, हे मान्य. म्हणून तर डॉक्टर त्या शक्यतो थोड्याच दिवसांपुरत्या देतात. लिथियम, ओलान्झापिन त्या जातीतली औषधं नाहीत. ओलान्झापिननं वजन वाढतं, साखर वाढू शकते. दादाच्या पँटी दोनदा उसवून सैल केल्यात. पण त्यासाठी डॉक्टरांशी बोलायचं, डोस किंवा गोळी बदलून घ्यायची. परस्पर बंद करायची नाही.

इस्पितळाचं: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला आणि रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. पूर्वी हाल झाले, नाही कोण म्हणतं? पण 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही आणि 28 जण गेले, ते इस्पितळ नव्हतं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालवलेलं खाजगी ठिकाण होतं. दर्ग्याच्या पाण्या-तेलानं बरं वाटेल या आशेनं लोक आपली माणसं तिथे ठेवत.

शंका असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फिरवा, मराठीतही बोलतात. आत्यानं त्याच संध्याकाळी दादाच्या डॉक्टरांना फोन लावला. रात्री मला पाकिटाचा फोटो आला, एक गोळी कमी झालेली.