पोलिसांविरुद्ध तक्रार करायचीय? या की, बसा

बेळगावात पोलिसांनी विनाकारण कानफटवलं, रात्री उचलून नेलं, कंप्लेंटच घेतली नाही, असं काही झालं असेल तर अजिबात घाबरू नका, सरळ पोलिसांकडंच जावा. तुमचं घर कुठं, गाडी कुठं लावता हे त्यांना आधीच ठाऊक असतंय, नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत कोण बसणार.

वेळ मात्र बघून ठरवा. 1 नोव्हेंबरच्या आसपास नको, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाचा बंदोबस्त. हलग्याला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की साहेब तिथल्या सुवर्णसौधला, गणपतीत मिरवणुकीला. मधल्या दिवसांत गेलात तर साहेब मीटिंगला असतात, तेवढं धरूनच चाला.

अर्ज मराठीत नेऊ नका, उगीच सीमाप्रश्न काढल्यासारखं होतंय. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसबाहेर कन्नडमध्ये टाईप करून घ्या, आत काय लिहिलंय कळलं नाही तरी सही ठोकायची. मग तो अर्ज डीसींकडनं कमिशनर ऑफिसला जातो (गावाकडचे असाल तर एसपींकडं), तिथनं खाली, आणखी खाली, आणि शेवटी 'योग्य कारवाईसाठी' असं लिहून ज्या स्टेशनबद्दल अर्ज आहे त्याच स्टेशनात. मग ज्यानं कानफटवलं त्याचाच फोन, "तुमचा अर्ज आलाय बघा, येऊन जावा जरा." केवढी आपुलकी! चहा सांगितला तर नको म्हणू नका.

आता काही शहाणे सांगतील, सुप्रीम कोर्टानं 2006 ला प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण करायला सांगितलंय, निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, आणि कर्नाटकानं 2012 ला पोलीस कायदा दुरुस्त करून प्राधिकरणाची तरतूद पण केलीय. खरंच आहे ते. चन्नम्मा सर्कलला रिक्षा धरा, म्हणा प्राधिकरणाला सोड, तो मुकाट्यानं बुडा (नगरविकास प्राधिकरण) ऑफिसला नेऊन सोडेल. प्लॉटचं काही काम अडलं असेल तर तेही उरकून घ्या.

सीसीटीव्हीचा हट्ट नको. डिसेंबर 2020 ला कोर्टानं सांगितलं लॉकअप, व्हरांडा, इन्स्पेक्टरची खोली सगळीकडं कॅमेरे लावा, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा. पण कॅमेरा झाला तरी त्यालाही लाज असते हो, नेमकं त्याच वेळी डोळे मिटतो.

आणि येळ्ळूरवाल्यांचा सल्ला तर घेऊच नका, 2014 ला गावातला 'महाराष्ट्र राज्य' फलक काढल्यावर लाठ्या कशा पडल्या ते सांगत बसतील आणि तुमची शेवटची बस चुकेल.

शांतपणे वाट बघा. एक दिवस एंडॉर्समेंट (लेखी उत्तर) येईल, चौकशी केली, तथ्य आढळलं नाही, अर्ज निकाली. खालची सही ओळखीची वाटली तर मनाला लावून घेऊ नका. दोन झेरॉक्स काढून ठेवा, पुढच्या अर्जाला जोडायला लागतात.