चार प्लग बदलायला अख्खा रविवार लागतो?

सकाळी नऊला बोनेट उघडलं, आता संध्याकाळचे सात वाजलेत आणि गाडीच्या चार स्पार्क प्लगपैकी (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) तीनच बदलून झालेत. तीन! उभ्या इंजिनाच्या साध्या गाडीत हे काम असतं तरी किती, प्लगवर बसलेल्या, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा एक बोल्ट काढा, कॉइल वर ओढा, लांब सॉकेट घाला, जुना बाहेर नवा आत, चला पुढचा. माझ्या आधीच्या गाडीचे चारही प्लग मी अर्ध्या तासात बदलायचो, ते पण आरामात.

पण ही पडली परफॉर्मन्स गाडी. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, त्यात बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर आडवे झोपलेले, दोन इकडे दोन तिकडे, आणि प्लगची तोंडं थेट चॅसीकडे. मधे जागा किती, तर तिरका करून हात कसाबसा शिरेल एवढी. इंजिन आडवं का ठेवतात ते मला माहितीये हो, वजन खाली राहतं, वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जाते, मी त्यासाठीच घेतली ती. पण मग डिझाइन करताना प्लगसमोर अजून दोन बोटं जागा सोडायला काय धाड भरली होती? एका बाजूला बॅटरी काढायची, दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचा अख्खा डबा काढायचा, आणि एवढं करूनही प्लग दिसत नाहीच, सगळं बोटांनी चाचपून. काही लोक तर वैतागून इंजिनाचे माउंट सोडतात आणि खालून जॅक लावून इंजिनच थोडं वर उचलतात. प्लग बदलायला इंजिन उचलायचं!

सॉकेट आणि एक्सटेन्शन जोडून सरळ आत घालता येतच नाही, चॅसी आडवी येते. म्हणून आधी नुसतं सॉकेट होलमध्ये ढकलायचं, मग आतल्या आत त्याला छोटं एक्सटेन्शन अडकवायचं, मग त्याच्या मागे रॅचेट, म्हणजे पुढे-मागे हलवून फिरवायचा पाना, आणि ते रॅचेट एका वेळी फिरतं किती तर दोन-तीन दात. टक टक टक, मागे, टक टक टक, मागे. दुसऱ्या प्लगला असं वीस मिनिटं करून तो एकदाचा सुटला, मी हळूच बाहेर ओढलं आणि हातात आलं फक्त एक्सटेन्शन. सॉकेट आतच. सॉकेटमधल्या रबराने प्लगला असं घट्ट पकडलेलं की एक्सटेन्शनच निसटलं. तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी जोडावर चिकटपट्टी गुंडाळून परत घातलं तेव्हा कुठे बाहेर आलं, तोवर मनगट सोलून निघालेलं.

त्याच होलमध्ये तळाला तेल साठलेलं. म्हणजे टॅपेट कव्हरचं, इंजिनाच्या हेडवरच्या झाकणाचं, सील गेलंय, ते वेगळंच काम निघालं, आणि त्या तेलाने कॉइलचं रबर फुगून मऊ पडलंय. वरून काहीच कळत नव्हतं, फक्त जोरात पळवली की मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही.

आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर! १४ मिमी आट्याचा प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, जास्त आवळला तर आटे गेले, कमी आवळला तर उष्णता हेडमध्ये नीट जात नाही आणि प्लग तापत राहतो. बरोबर आहे, मान्य, टॉर्क रेंच आहे माझ्याकडे, पण तो त्या फटीत घालून दाखवा ना मला! एवढा लांब दांडा शिरणार कुठून? शेवटी हाताने बसवून, वॉशर टेकला की पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, असं अंदाजानेच करावं लागतं, आणि मग पुढचे दोन दिवस झोपताना डोक्यात तेच, की आवळला ना नीट.

गॅपचं, म्हणजे प्लगच्या ज्या फटीत ठिणगी पडते तिचं, पण तेच. टर्बोचं बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप कमी ठेवायचा. खोक्यावर लिहिलेलं असतं गॅप सेट करून दिलाय, पण मोजला तर चारपैकी दोघांचा वेगळा. तो सारखा करायचा तर इरिडियमचं टोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं, जरा कुठे धक्का लागला की तुटलं. हीट रेंजचा, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा, आकडा तर विचारूच नका, एनजीके कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. कसं लक्षात ठेवायचं माणसाने?

मला खरा राग कशाचा येतो सांगू, जी गाडी जास्त तापते, जास्त दाबाने चालते, तिचे प्लग लवकर संपणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. ही काय एकदा बसवून विसरायची वस्तू नाहीये, परत परत बदलायची वस्तू आहे. तरी ती अशा जागी नेऊन कोंबतात. आणि मॅन्युअलमध्ये सगळं मिळून एक ओळ, "प्लग काढा". अरे काढा काय काढा, कसा काढू ते लिहा ना!

चौथा राहिला तो मागच्या कोपऱ्यातला. त्याच्या कॉइलच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची पट्टी इतकी वर्षं इंजिनाच्या गरमीत भाजून पार बिस्किटासारखी झालेली, बोटाने नुसती दाबली आणि टक करून तुटली. जोर पण लावला नव्हता मी. आता तो कनेक्टर तसाच खोचला तर हादऱ्याने निसटणार, एक सिलिंडर बंद, न जळलेलं पेट्रोल सरळ धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे अजून मोठं दुखणं. म्हणून नवीन कनेक्टर मिळेपर्यंत गाडी उघड्या बोनेटने उभी, बॅटरी जमिनीवर, आणि उद्या सकाळी मला कामाला जायचंय.