‘पॉइंट्सवर टॅक्स नाही म्हणाले आणि मग पगारात धरलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, आमच्या अकाउंटिंग फर्मबद्दलचा तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. राग येणं साहजिक आहे आणि त्यातली एक चूक सरळसरळ आमचीच आहे, त्यावर येतोच. तुम्ही लिहिलंय की बिझनेस क्रेडिट कार्डच्या पॉइंट्सवर टॅक्स नाही असं आम्ही सांगितलं, म्हणून तुम्ही त्या पॉइंट्सची गिफ्ट कार्ड्स घेऊन १२ कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १०० डॉलरचं दिलं, आणि नंतर आम्हीच ते पगारात धरून सगळ्यांचे डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारे फॉर्म) दुरुस्त करायला लावले, वर त्याची फी घेतली. क्लायंटच्या फाइलमधलं काही असं उघड्यावर बोलायला आम्हाला कायद्यानेच मनाई आहे, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढंच धरून बोलतो.

पॉइंट्सवर टॅक्स नाही हे आजही खरं आहे. खरेदी केली म्हणून मिळाले म्हणजे ती किमतीतली सूट झाली, उत्पन्न नाही. (खरेदी न करता नुसतं बँकेत खातं उघडल्याबद्दल मिळतात ते वेगळे, २०१४ मध्ये शंकर नावाच्या केसमध्ये टॅक्स कोर्टाने तसे पॉइंट्स उत्पन्नात धरले होते.) पण सूट म्हटली की ज्या खर्चावर ती मिळाली तो खर्चही तेवढ्याने कमी दाखवावा लागतो, कारण तो आपण आधी पूर्ण वजा केलेला असतो.

आता गिफ्ट कार्ड. ते तुमच्या हातात होतं तोवर सूट होती, कर्मचाऱ्याच्या हातात दिलं तेव्हा पगार झाला. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी गिफ्ट कार्ड म्हणजे रोख पैसेच, कितीही छोटं असलं तरी. सणाला टर्की दिली, फुलं दिली तर चालतं, पण कार्ड नाही. आणि तुम्ही म्हणता ती २५ डॉलरची मर्यादा ग्राहकांना वगैरे दिलेल्या भेटींचा खर्च किती वजा करता येतो त्यासाठी आहे, कर्मचाऱ्यांच्या कार्डांना ती लागू होत नाही, खूप जणांची इथे गल्लत होते.

‘फुकटच्या कार्डांवर दोनदा टॅक्स’ हे मात्र पटत नाही. १२०० डॉलरने जुना खर्च कमी झाला आणि तेवढाच पगाराचा खर्च वाढला, म्हणजे नफ्यावर फरक शून्य. जास्तीचं जे पडलं ते सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पगारावर लागणारे पेन्शन आणि आरोग्य विम्याचे कर) यांतला मालकाचा वाटा, ७.६५ टक्के, म्हणजे ९१.८० डॉलर. खरं ओझं कर्मचाऱ्यांवर आलं, १०० डॉलरचं कार्ड मिळालं आणि पगारातून टॅक्स कापला गेला, त्यांना तुम्हीच फसवलंत असं वाटलं असणार, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आमची चूक ही की ‘टॅक्स नाही’ एवढं सांगून आम्ही थांबलो. कार्ड कोणाला देणार आहात हा एक प्रश्न तेव्हाच विचारला असता तर डिसेंबरच्या पगारातच ते बसवता आलं असतं, ती रक्कम थोडी वाढवून कर्मचाऱ्यांचा टॅक्सही तुम्हाला भरता आला असता, आणि डब्ल्यू-२सी, म्हणजे दुरुस्तीच्या फॉर्मची वेळच आली नसती. त्या दुरुस्तीची फी आम्ही घ्यायलाच नको होती. ती पूर्ण परत करतोय, या आठवड्यात तुमच्या खात्यावर दिसेल. यंदा पॉइंट्स वापरण्याआधी एक फोन करा, त्या कॉलचे पैसे लावणार नाही.