खजिन्याच्या गुणांचा उल्लेख हवा होता
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक पात्रे साकारून खेळायच्या साहसी खेळाचे जुने नियम म्हणजे निव्वळ मारामारी, हे लेखातले विधान मला मुळीच पटले नाही. १९७४ च्या मूळ नियमांत आणि १९८१ च्या बेसिक आवृत्तीत पात्राची पातळी वाढवणाऱ्या अनुभवगुणांचा मोठा वाटा राक्षस मारून नव्हे, तर सुखरूप बाहेर आणलेल्या खजिन्यातून, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण या हिशोबाने मिळत असे. शिवाय हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) शून्यावर आले की पात्र मेलेच, त्यामुळे आमच्या गटात तलवार उपसण्याआधी बोलणी, लाच किंवा सरळ पळ काढणे यांचाच विचार होई.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेल्या पात्राला तीन अपयशांआधी तीन यशस्वी फासे पडले तर ते वाचते. ही सवलत मला आवडते, पण तिच्यामुळे लढाईची भीती कमी झाली आणि खेळाडू अधिक लढू लागले, असाच माझा अनुभव आहे.