पंजे आणि ७ जून : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, मोहरमचे पंजे, म्हणजे तेव्हा बसवले जाणारे हाताच्या पंजाच्या आकाराचे पीर, एकत्र राहायची कला शिकवतात, हा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. ७ जून २०२३ ला आपल्या कोल्हापुरात दगड पडले तेव्हा हे पंजे कुठं होते, असं तुम्ही विचारलंत. सण एकत्र केले म्हणून मनं जुळत नाहीत, असंही लिहिलंत.

त्या दिवशी जे झालं ते नाकारायचं कारण नाही. मोबाइलच्या स्टेटसवरून पुकारलेला बंद, शिवाजी चौकातली गर्दी, दगडफेक, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. पंजांनी यातलं काहीच अडवलं नाही. 'शाहूंचं कोल्हापूर' म्हणत आपण स्वतःचीच पाठ थोपटतो, त्याचा मलाही राग येतो.

पण सगळेच सण मी एका मापानं मोजत नाही. डॉल्बीपुढं नाचायला शेजाऱ्याचं नावही माहीत असावं लागत नाही. पीर बसवायचा तर लागतं. अवचित पीर, बाराईमाम, बाबूजमाल ही आपल्या तालमींची नावं. कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि पंजाही. कापड कुणी चढवायचं, फुलं कुणाची, भेटीला पंजा कुणी उचलायचा, हे मान पिढ्यानपिढ्या चालत आलेत आणि त्यातले अनेक हिंदू घरांत आहेत. एकत्र राहायची कला मी म्हणतो ती ही. इ. स. ६८० मध्ये करबलात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. त्या दुःखाशी जन्मानं काही संबंध नसलेला माणूस खत्तलरात्री, म्हणजे त्या शहादतीच्या दिवसाच्या आदल्या रात्री, ते खांद्यावर घेतो. असं दुःख वागवलेल्या माणसाला फोनवर आलेला प्रत्येक मजकूर लगेच खरा वाटत नाही, यावर माझा विश्वास आहे.

शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचंच बघा. तिथं पाच मशिदींत गणपती बसतो. २०१९ ला महापूर ओसरून महिना झाला नव्हता, शिरोळ तालुक्यात घराघरांत चिखल होता, आणि गणपती नि मोहरम एकाच वेळी आले. अशा वेळी मांडव घालायला एकत्र येणं ही चैन नव्हे. उद्ध्वस्त झालेल्या गावाला पुन्हा एकमेकांच्या दारात जायला कारण लागतं.

बंदोबस्त नीट असता तर हे सगळं लागलंच नसतं, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. पोलीस रस्ता मोकळा करतील. दुसऱ्या दिवशी दुकान उघडणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारायची चोरी झालेली असते, ती कोण घालवणार?

तुमच्या पेठेत पंजा बसत असेल तर मिरवणुकीला नको, आधी दोन दिवस जा, तयारी चालू असताना. तरीही पटलं नाही तर पुन्हा लिहा.