बिल कुठून आणू?

घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं की माझं डोकं उठतं. दरवर्षी तोच प्रश्न: "बंदुकीचं बिल आहे का?" अहो, आजोबांची १२ बोरची दुनळी आहे ती! परभणीकडच्या आमच्या शेतात रानडुकरं हुसकायला घेतलेली. वारसाहक्कानं परवाना माझ्या नावावर झाला, त्यात नंबर, बोर, सगळं नोंदलेलं आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली. सरकारला ५ वर्षं चालणारा कागद या विमा कंपनीला एक वर्षही का चालू नये?

आईच्या पैठणीचंही तेच. ४० वर्षांपूर्वी पैठणला विणकराच्या घरी जाऊन घेतलेली. तिची पावती कोण जपणार? एजंट म्हणतो, "काका, 'इतर सामाना'त टाकू." इतर सामान! प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आईची पैठणी एकाच रकान्यात?

त्यात निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. तिथं नळीला गंज चढला, दस्ता तडकला तर भरपाई कोणाची? माझ्या पॉलिसीत तर "घरात असताना" एवढंच लिहिलंय. तीनदा लेखी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: बिल जोडा.