ठाणे स्टेशन, पारसिकचा बोगदा आणि तुमची तक्रार

नमस्कार,

ठाणे स्टेशनवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मा उतरला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १८५३ च्या पहिल्या रेल्वेचं कौतुक आता पुरे, फास्ट लोकल ठाण्यापुढच्या पारसिकच्या बोगद्यातून जाते हे साफ चूक लिहिलंय, आणि ठाण्याचा फलाट रुंद झाला म्हणून खूश होणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता तिथे उभं राहून दाखवावं.

आधी चूक. ती माझीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून धावू लागल्या. मी लिहिलं ते आठवणीतून. बोगदा आला की डब्यातलं बोलणं आवाजात बुडायचं, पोरं उगाच ओरडायची, आणि मग एकदम लख्ख उजेड. ते डोक्यात इतकं बसलंय की गाडीची वाट बदलली तरी माझं वाक्य बदललं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "इतिहास घेऊन आम्ही काय करू?" हे पटलं नाही. तुम्ही कळव्याचे, म्हणून तुमच्याच वाटेचं सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर येऊन ठाण्यात थांबली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, पण पारसिकच्या डोंगराला वळसा घालून. १९१६ मध्ये सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि फास्ट गाड्यांचा तो वळसा वाचला. शंभरावर वर्षं ही सोय चालली, आणि २०२२ पासून फास्ट पुन्हा डोंगराबाहेरून जातेय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारातली माणसं पडली, काही जीवानिशी गेली. ते वळण डोंगर आणि खाडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतलं आहे. १८५४ ची गोष्ट तुमच्या रोजच्या दारात उभी आहे हो, मी काय करू!

तुमच्या शेजारून धडधडत जाणाऱ्या बहुतेक फास्ट कळव्याला थांबत नाहीत आणि स्लो आधीच भरून येते. कळव्याच्या कारशेडमधून, म्हणजे लोकल उभ्या करतात तिथून, निघणाऱ्या गाडीत जीव धोक्यात घालून चढणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर मला उपदेश करायचा नाही.

आता फलाट. ३१ मे ते २ जून २०२४ असा ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा पाच-सहाचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. मी त्याला 'दिलासा' म्हटलं होतं, 'उपाय' नाही. हा फरक तुम्ही गाळलात. सात वाजता मी तिथे असतोच, तीच माझी गाडी. नऊ-दहावर वाशीची लोकल रिकामी होते, अख्खी गाडीच्या गाडी जिना चढते, पुलावर एक क्षण इंडिकेटरकडे माना वर, आणि मग पाचवर कल्याण फास्ट लागतेय म्हटल्यावर जी धाव सुटते तिच्यात सरकत्या जिन्याची डावी-उजवी बाजू कोणी बघत नाही. यातल्या कित्येकांचं ठाण्यात काहीच काम नसतं. घर डोंबिवली-कल्याणकडे, नोकरी ऐरोली-घणसोलीला. २००४ मध्ये ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बर लाइन सुरू झाली तेव्हापासून ही सगळी माणसं फक्त गाडी बदलायला ठाण्याच्या पुलावर येतात.

म्हणून "ठाण्याहून आणखी गाड्या सोडा" या तुमच्या मागणीपेक्षा मला कळवा-ऐरोली जोडमार्ग महत्त्वाचा वाटतो. कल्याणची गाडी ठाण्याला न येता थेट नवी मुंबईत उतरेल. त्याच प्रकल्पातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. मुख्य जोड मात्र वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकली. त्या घरांचं नीट झाल्याशिवाय ती होऊही नये, पण निदान मागणी तरी योग्य ठिकाणी जाऊ दे. नाहीतर आपण जिने मागत बसू आणि रेल्वेवाले ते देत बसतील.

लिफ्टसमोरच्या रांगेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र शब्दन् शब्द खरं. परवा आईला घेऊन गेलो होतो, रांग बघून तीच म्हणाली, "चल रे, जिन्यानेच जाऊ, हळूहळू."